चाळीस ळ जास्त

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ
कॉफीचं नवं दुकान. पिवळे बल्ब लोंबताहेत.
गल्ल्यामागच्या भिंतीवर, काचेत,
आमच्या छापखान्याच्या कपाटाच्या दाराआतला कागद.

आधी मी हत्ती ओळखला.
'अ'च्या शिरोरेघेवर चारी पाय गोळा करून उभा,
खाली ठळक: हत्ती बसला तरी टाईप दबणार नाही!
वळण सुबक. धातू कणखर.
लग्नपत्रिका, तंबाखूची लेबलं, काट्याच्या पावत्या, बाराव्याची कार्डं,
सर्व एकाच टाईपात शोभतील.
रतलास एक रुपया दोन आणे. हमाली वेगळी.

पोरं हत्तीचे फोटो काढतात.
एकजण म्हणाला, किती निरागस होते ना लोक तेव्हा.

निरागस?
भरमू हुंदरे कंपॉझिटर, माझे अण्णा,
त्या हत्तीला सकाळी उदबत्ती लावल्यासारख्या शिव्या घालत.
दोन वर्षांत 'क'चं शेपूट झिजलं
तर कंपनीचं उत्तर आलं,
आपण दाब जास्त देता.
जाहिरात तेव्हाही जाहिरातच होती, बाबा.

दुकानाची मालकीण सहना, बैलहोंगलची,
तिचं मराठी मधेमधे कानडी होतं, माझ्यासारखंच.
हा फॉन्ट कुठं मिळतंय हो आंटी?
म्हटलं, बारा पॉइंटाचा एक संच, पासष्ट रतल.
सातवीत असताना उचललाय मी, स्टेशनपासून, भावाबरोबर.
फॉन्टला वजन असतंय, ऐकून ती हसली.
मग हसायची थांबली, आणि तळहात बघितला स्वतःचा, रिकामा.

कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय काहीतरी.
गिऱ्हाइकं विचारतात म्हणे,
किंमत आहे का ही? का चित्रकाराची सही?

मी चष्मा न लावता वाचलं.
ळ – ४० जास्त मागवणे.

कंपनी मुंबईची. तिचा हिशोब ठरलेला,
इतके क, इतके र, ळ मूठभर.
त्यांना कुठली ठाऊक कंग्राळी, सुळगा, बाळेकुंद्री?
मुलगी येळ्ळूरची, मुलगा बेनकनहळ्ळीचा,
एका पत्रिकेत खण खडखडीत.
आणि पत्त्यात बेळगाव असायचंच.

समोर मठपतींचा कानडी छापखाना,
त्यांच्याकडं ळ पोत्यानं. पण त्यांच्या वळणाचा, गोल,
वेलदोड्याच्या बोंडासारखा.
एका रात्री, पहाटेच्या गाडीनं पत्रिका जायच्या होत्या तेव्हा,
अण्णांनी तोच लावला.
येळ्ळूरच्या मधोमध एक कानडी ळ.
नवरीच्या बापाला कळलं नाही.
मठपतींना कळलं.
चष्मा कपाळावर सारून हसले,
आणि उसना दिलेला ळ
धुऊन, पुसून परत मागून घेतला.

पुढं गल्लीत दगडांचे दिवस आले.
दोन्ही दारं आठ-आठ दिवस बंद.
त्यावर मी काही सांगितलं नाही सहनाला,
तिनं विचारलंही नाही.
चाळीस ळ आले का, हे मात्र विचारलं.

आले नाहीत.
कंपनीनं दुसरा हत्ती पाठवला, रंगीत.

शिसं भंगारात किलोवर गेलं.
कागद रद्दीवाल्यानं फुकट नेला होता,
आणि आता त्याला काच आहे, वर दिवा आहे,
आणि चारी कोपऱ्यांत चार भोकं, खिळ्यांची,
ती झाकायला नको होती, बरं झालं झाकली नाहीत.

कॉफी कडू. बिल इंग्रजीत.
जाताना दारापाशी थांबले.
काचेवरची अक्षरं बाहेरच्यांसाठी रंगवलेली,
वर कानडी, मोठं; खाली इंग्रजी.
आतून सगळं उलटं.
मागच्या टेबलावरचा पोरगा मोबाईल धरून
सरळ करायला बघत होता.

मी तशीच वाचत गेले, उजवीकडून,
लहानपणी स्टिकवर वाचायची तशी,
एकेक अक्षर अंगठ्याखाली दाबून.
तिसरं ळ होतं.